उबंटू अपग्रेड : आधी बॅकअप, मग कमांड



संगणकावर अजून उबंटू २०.०४ आहे? त्याचे नियमित सुरक्षा अपडेट मे २०२५ मध्ये संपले. अपग्रेड असे करा :

१) मुलांचे प्रकल्प, निकालपत्रके पेनड्राइव्हवर घ्या. हे आधी!

२) टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत ‘सुडो एपीटी अपडेट’ टाइप करा. याने फक्त नवी यादी येते. प्रोग्रॅम बदलतात ते ‘सुडो एपीटी अपग्रेड’ने. पासवर्ड टाइप करताना दिसत नाही, घाबरू नका.

३) रीस्टार्ट करून ‘सुडो डू-रिलीज-अपग्रेड’ द्या, मधल्या आडव्या रेघा विसरू नका.

आधी २२.०४, मगच २४.०४. दुसरीतलं मूल थेट चौथीत बसवतो का आपण?

आपल्या मीरा-भाईंदरला पावसात वीज कधी जाईल, सांगता येत नाही. मधेच संगणक बंद पडला, तर पुन्हा सुरू होणं कठीण. म्हणून इन्व्हर्टर असेल तरच बसा.