खुरांचे ठसे बघून पाऊल टाका

गाळात पाय रुतला की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे तो जोरात वर ओढतो. मीही तेच केले. उजवा पाय घोट्यापर्यंत गेला होता, तो उपटायला सगळा भार डाव्या पायावर टाकला आणि डावा गुडघ्यापर्यंत खाली गेला. मग उजवा. चार-पाच झटक्यांत मी मांड्यांपर्यंत आत होतो. समोर दहा हातांवर खडकवासल्याचे पाणी, डावीकडे सिंहगड, मागे चाळीस पावलांवर माझी पिशवी आणि पिशवीत मोबाइल.

मे महिन्यातला रविवार होता, सकाळी साडेसातची वेळ. गळाची आवड मला वीस वर्षांची. पानशेत रस्त्याने गोऱ्हे, खानापूर, मालखेड ही गावे ओलांडून फुगवट्याच्या काठावर बसायचे, कणकेत थोडा हिंग मळून गोळ्या करायच्या, मोरपिसाच्या दांड्याचा फ्लोट पाण्यावर उभा राहिला की जगाचे काही ऐकू येत नाही. चिलापी भरपूर मिळते. नशीब असेल तर रोहू, कटला. त्या दिवशी फ्लोट एकदम आडवा पडला आणि दिसेनासा झाला. मासा मोठा होता. रीळ करकरत सुटले, तंगूस संपत आला, आणि मासा सुटू नये म्हणून मी त्याच्या मागे पाण्याकडे चालत गेलो. पायाखाली वाळून भेगा पडलेली जमीन होती. आदल्या रविवारी मी त्याच जमिनीवर स्टूल टाकून बसलो होतो.

चूक इथे झाली. आदल्या रविवारचा काठ या रविवारी राहिलेला नव्हता.

खडकवासल्याचे धरण १८७९ सालचे. आंबी, मोसी आणि मुठा या तीन नद्यांचे पाणी सांगरूणजवळ एकत्र येते. सोबत डोंगराची माती येते. वाहते पाणी फुगवट्यात शिरून थबकले की माती तळाशी बसते, म्हणून फुगवट्याच्या शेपटाकडे गाळाचे जाड थर आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरते तसा हा गाळ उघडा पडतो. वरचा वीतभर थर उन्हाने कडक होतो, खालचा मात्र ओल्या पिठासारखा राहतो. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण खडकवासल्याची साठवण दोन टीएमसीच्या आतली, आणि वरची पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चारही धरणांची मिळून सुमारे एकोणतीस. म्हणजे पुणे शहराला आणि कालव्याला लागणारे पाणी वरून सोडून इथे आणावे लागते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही इथली पातळी नुसती उतरत नाही, अधूनमधून चढतेही. चढलेले पाणी दोन-तीन दिवस त्या कडक थरावर उभे राहते, पुन्हा ओसरते, आणि उन्हात वरची साय परत वाळते. दिसायला जमीन तीच दिसते. आतून ती पार बदललेली असते.

मी हाका मारल्या. वारा पाण्यावरून माझ्याच तोंडावर येत होता, आवाज रस्त्यापर्यंत पोचणे शक्य नव्हते. घरी मी फक्त ‘खडकवासल्याला जातो’ एवढे सांगितले होते. शोधायला आले असते तरी कुठून सुरुवात केली असती? अर्ध्या तासाने एक मच्छीमार मामा जाळी उचलायला थर्माकोलच्या तराफ्यावरून येताना दिसले. साठीचे असावेत. त्यांनी मला पाहिले आणि लांबूनच ओरडले, ‘‘दादा, हलू नगा! पाय वढू नगा!’’

त्यांनी पुढे जे केले ते मी नीट सांगतो, कारण हे ज्याला माहीत आहे तो एकटाही सुटू शकतो. ते स्वतः गाळात उतरले नाहीत. तराफा पाण्यातून गाळावर सरकवत त्यांनी माझ्या छातीपर्यंत आणला आणि मला त्यावर पालथे व्हायला सांगितले. अंग आडवे झाले की भार पायांवरून निघतो. मग म्हणाले, ‘‘आता एकच पाय. वर नाही, फकस्त हलवायचा. आमटी ढवळतो तसा.’’ रुतलेला पाय सरळ वर ओढला की तळव्याखाली पोकळी होते आणि गाळ त्याला खाली खेचून धरतो. पाय गोल हलवला की बाजूने पाणी आत शिरते आणि पकड सुटते. माझ्या कमरेच्या पट्ट्याला कणकेचा रिकामा डबा अडकवलेला होता. मामांनी तो मागितला, पाणी भरून दिले आणि मांडीलगत ओतायला लावले. डबाभर पाणी, थोडे ढवळणे, बोटभर पाय वर. पुन्हा डबाभर पाणी. उजवा पाय सुटायला वीस मिनिटे गेली असतील, डावा त्याहून जास्त वेळ खाऊन गेला. गमबूट आतच राहिले. गमबूट घालून गाळाच्या काठावर जाऊ नये हे मला तेव्हा कळले. ते गाळाने भरतात आणि पायाला बेड्या होतात. मागे पट्टा असलेली साधी सँडल बरी.

काठावर बसवून मामांनी मला पाणी पाजले आणि हाताने जमीन दाखवली. ‘‘म्हशी कुठवर गेल्यात ते बघा.’’ खुरांचे ठसे पाण्याच्या दिशेने येत होते आणि मी रुतलो त्या जागेच्या बऱ्याच अलीकडे वळून खडकाळ बाजूने पाण्याला गेले होते. तहानलेले जनावरसुद्धा त्या पट्ट्यात उतरले नव्हते. बगळ्यांच्या पावलांवर भरवसा ठेवू नका, बगळ्याला वजनच नसते. पण जिथे म्हशीच्या खुरांचे ठसे नाहीत, तिथे मी तेव्हापासून पाऊल टाकलेले नाही.

आणखी खुणा आहेत. भेगा रुंद, करड्या आणि आतपर्यंत कोरड्या असतील तर जमीन बहुधा धरते. भेगेच्या तळाशी काळी ओल चकाकत असेल तर मागे फिरा. मुरमाचा किंवा खडकाचा काठ निवडा, मासे थोडे कमी लागले तरी चालतील. हातात एक जाडसर काठी असू द्या आणि पुढच्या पावलाच्या जागी ती दाबून पाहा. काठी निम्मी सहज आत गेली, तर तुमचा पायही जाईल. आणि मासा पळाला तर पळू द्या. तंगूस तुटला तर शंभर-दोनशे रुपयांचे सामान जाते, बाकी काही जात नाही.

पावसाळ्यात धोका जागा बदलतो. उन्हाळ्यात जिथून गाळ उपसून नेलेला असतो तिथे उभ्या कडांचे खड्डे राहतात. पाणी चढले की वरून सगळे सारखे दिसते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्यावरून खाली जातो, तो असा. पोहता येते म्हणून निर्धास्त राहू नये. कपडे, बूट, खांद्याला पिशवी आणि तळाला निसरडी कड, अशात पोहणारेही बुडाले आहेत. या जलाशयात दरवर्षी तरुण मुले जातात. बातमी वाचताना आपण हळहळतो आणि पुढच्या रविवारी तिथेच उतरतो.

धरणाच्या खाली, मुठेच्या पात्रातल्या खडकांवर गळ घेऊन बसणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन. विसर्ग सुरू झाला की मासा वरच्या दिशेने चढतो, म्हणून तिथे गर्दी होते. पण आकडा समजून घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे अठ्ठावीस लिटर. हजार क्युसेकची वाढ म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर जास्तीचे पाणी, आणि पावसाळ्यात अशी वाढ दिवसातून दोन-तीनदाही होते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत पाणी शिरले, ते याच धरणाच्या विसर्गाने. भोंगा ऐकला की मासा हातात असला तरी सोडून काठावर या. ज्या शहराने १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिला, त्या शहरातल्या माणसाला हे सांगावे लागू नये.

वळवाचा पाऊस हा गळवाल्यांचा आणखी एक शत्रू. आजकाल सगळ्यांकडे कार्बनच्या काठ्या आहेत. हलक्या, छान, पण त्यातून वीज वाहते. मोकळ्या काठावर आठ-दहा फुटांची अशी काठी उभी धरून बसणे म्हणजे विजेला बोलावणे. ढग गडगडला की काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि पाण्यापासून दूर व्हा. गाडीत बसणे सर्वांत चांगले, झाडाखाली मात्र नको. काठालगत विजेच्या तारा गेलेल्या असतात, गळ फेकण्याआधी एकदा मान वर करून बघा.

गरीचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाका. मासा क्वचित सुटेल, पण गरी बोटात घुसली तर ती सरळ बाहेर येईल. डोळ्याजवळ लागली तर स्वतः ओढू नका, तशीच ठेवून दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे.

आणि हे पाणी पुणे पिते, तिथल्या मासळीवर गावातली घरे चालतात. राज्यातल्या जलाशयांत मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ टाकण्याआधी गावात विचारा, परवानगी असेल तरच बसा, मनाईची पाटी असेल तिथून उठा. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. पाणकावळ्याच्या पायाला गुंडाळलेला तंगूस मी स्वतः कापून काढला आहे, त्याच्या कातडीत तो पार रुतला होता. आषाढाच्या तोंडाशी पोट फुगलेली रोहू किंवा कटला लागली तर ती अंड्यांवर आलेली असते. तिला ओल्या हाताने धरून परत सोडा.

आता मी एकटा जात नाही. निघताना घरी गावाचे नाव, काठाची खूण आणि परतायची वेळ सांगतो. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून गळ्यात घालतो, त्यात ११२ नंबर कसा लावायचा ते मुलालाही शिकवले आहे. गाडीत वीस हात दोर आणि हवा भरलेली जुनी ट्यूब असते. मामांना भेटतो तेव्हा ते विचारतात, ‘‘आज कुठं बसणार?’’ ते नको म्हणाले तर मी तिथे बसत नाही.

मी रुतलो तो पट्टा चांगल्या पावसाळ्यात जुलै संपेपर्यंत पाण्याखाली जातो. वर स्वच्छ पाणी असते, लोक तिथे फोटो काढतात. त्या काठाला गेलात तर काठावरूनच बघा, पाण्यात उतरू नका.