विषाणूची वंशावळ

काही वर्षांपूर्वी एका नवजात बाळाला तपासण्यासाठी प्रसूतिगृहात गेलो होतो. गर्भारपणातील तपासणीत बाळाच्या आईच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आढळला होता. तिच्या सासूबाईंनी मला दाराबाहेर गाठले आणि हलक्या आवाजात विचारले, "डॉक्टर, पाच पिढ्या आम्ही बडोद्यात आहोत. घरात कुणाला असलं काही नाही. मग हिनं हे आणलं कुठून?"

प्रश्नात आरोप दडलेला होता. तो बाजूला ठेवला, तर प्रश्न मात्र शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे.

या विषाणूची जनुकीय संहिता अवघ्या 3200 अक्षरांची. ओकामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये, संपूर्ण संहितेत आठ टक्क्यांहून अधिक फरक असल्यास तो वेगळा जीनोटाइप, असा निकष मांडला व ए ते डी असे चार गट केले. पुढे ही यादी जे पर्यंत लांबली. या गटांचा नकाशा विलक्षण आहे. बी आणि सी पूर्व व आग्नेय आशियात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ आणि एच अमेरिका खंडांतील मूळ रहिवाशांत, तर डी भूमध्य समुद्राच्या परिसरापासून मध्य आशियापर्यंत. भारतात डी प्रमुख, त्याखालोखाल ए; पूर्व व ईशान्य भागात सी देखील. योगायोग असा की, या विषाणूचा पहिला मागमूस डॉ. ब्लुमबर्ग यांना लागला, तो निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील भेद अभ्यासताना, एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात.

विषाणू भूगोलाला इतका चिकटून का राहतो? येथे बालरोगतज्ज्ञाला बोलण्याचा अधिकार आहे. प्रौढपणी संसर्ग झालेल्या निरोगी माणसांपैकी पाच टक्क्यांहून कमी लोकांत तो कायमचा मुक्काम करतो. जन्मवेळी आईकडून झाला, तर सुमारे नव्वद टक्क्यांत. म्हणजे विषाणूचे खरे घर पाळण्यात आहे. आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला असा तो जातो, आणि कुटुंबाने स्थलांतर केले की बोलीभाषेप्रमाणे सोबत निघतो.

प्राचीन सांगाड्यांनी याला दुजोरा दिला आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे साडेदहा हजार ते चारशे वर्षांपूर्वीच्या 137 विषाणूंच्या संहिता वाचण्यात आल्या. युरोपात शेती घेऊन आलेल्या लोकांबरोबर विषाणूचे नवे वाण आले, शिकारी समूहांतील जुने मागे पडले. आणि हे नवे वाणही काही हजार वर्षांनी जवळजवळ नाहीसे झाले. आज दुर्मीळ असलेला जी जीनोटाइप हा त्यांचा उरलेला वंशज मानला जातो.

मला सर्वांत बोलकी वाटते ती ईची गोष्ट. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना गुलाम म्हणून अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजांत कोंबण्यात आले. त्यांतील कितीतरी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नेलेली. मग त्यांच्या वंशजांत ई विपुल हवा. प्रत्यक्षात तो अगदी तुरळक आढळतो. आढळतो तो प्रामुख्याने ए. शिवाय आफ्रिकेतील ईच्या नमुन्यांत आपसांत फारच थोडा फरक आहे. यावरून तेथील त्याचा फैलाव गुलामांचा व्यापार ओसरल्यानंतरचा असावा, असे अनुमान निघते. त्या फैलावात न उकळलेल्या सुयांचा हात असावा, अशी शंकाही घेतली गेली आहे.

सुई हाच या वंशावळीतील खोडसाळ दुवा. 2009 मध्ये आपल्या गुजरातेत मोडासा परिसरात एकदा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने या काविळीची भीषण साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. तेथे विषाणू घराण्यातून नव्हे, दवाखान्यातून घरी आला. म्हणूनच डी जीनोटाइप दिसताच कुणी आर्यांच्या आगमनाची कथा रचू लागला, तर मी सावध होतो. भारतातील डी एकजिनसी नाही. त्याचे डी1, डी2, डी3, डी5 असे उपप्रकार येथे नांदतात. समूहांच्या इतिहासाबद्दल नकाशा काही सांगू शकेल. एका सुनेबद्दल तो काहीही सांगू शकत नाही.

हे सारे त्या सासूबाईंना कसे सांगणार? मी एवढेच म्हणालो, "काकू, तिच्या जन्मावेळी आला असेल किंवा लहानपणीच्या एखाद्या इंजेक्शनातून. तिचा दोष नाही. आणि घरात कुणाला नाही म्हणता, ते तपासून म्हणता का?"

बाळाला जन्मानंतर बारा तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि इम्युनोग्लोब्युलिन दिले होते. लस सर्वच जीनोटाइपांवर चालते, हे आपले भाग्य. पुढे घरातील सर्वांची तपासणी झाली, तेव्हा बाळाच्या आजोबांच्या रक्तातही विषाणू निघाला. त्यांना कधी कावीळ झाल्याचे आठवत नव्हते. दोघांचा जीनोटाइप आम्ही पाहिला नाही. आजच्या गोळ्यांच्या उपचाराला त्याची गरज पडत नाही. बाळ वर्षाचे झाल्यावर त्याचे रक्त तपासले. विषाणू नव्हता. अहवाल न्यायला सासूबाई स्वतः आल्या होत्या, सोबत सून होती.