गुन्हा आणि विचलन : फरक समजून घेऊ या

कुणाचे वागणे आपल्याला पटले नाही की आपण चटकन त्याला गुन्हेगार ठरवितो. समाजाला न पटणे वेगळे आणि कायद्याने गुन्हा ठरणे वेगळे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा फरक परीक्षेसाठी शिकावा लागतो. परंतु आपल्या समाजाने तो प्रत्यक्ष भोगलेला आहे.

प्रत्येक समाजाचे काही अलिखित नियम असतात. काय नेसावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, कोणाशी लग्न करावे हे ते सांगतात. हे नियम मोडणाऱ्या वर्तनास ‘विचलन’ म्हणतात. त्याची शिक्षा समाजच देतो : कुजबुज, टोमणे, अबोला आणि शेवटी वाळीत टाकणे. गुन्हा म्हणजे कायद्याने मनाई केलेले कृत्य. तेथे पोलीस तपास करतात, न्यायालय पुरावा पाहून निकाल देते आणि शिक्षेची मर्यादा कायद्यात आधीच लिहिलेली असते.

खून, चोरी ही कृत्ये गुन्हाही आहेत आणि विचलनही. पण नेहमी असे नसते. विधवेने कुंकू लावले तर गावात चर्चा होते. तो गुन्हा नव्हे. उलट, हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही तो चारचौघांत बसून ठरतो आणि कोणाची मान खाली जात नाही. म्हणजे गुन्हा आहे, पण विचलन नाही!

महाडचे उदाहरण पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत हा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळाने संमत केला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले तेव्हा कायदा मोडला नव्हता. मोडली होती ती रूढी. तरीही आपल्या माणसांवर हल्ला झाला आणि तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. पुढे १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे गुन्हा ठरले. आता गुन्हेगार ठरतो तो पाणी अडविणारा.

कायदाही नेहमी न्यायाचाच असतो असे नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर गुन्हेगार असा शिक्का मारला. त्या जमातीत जन्माला येणे हाच गुन्हा! हा कायदा १९५२ साली रद्द झाला. लोकांच्या मनातील संशय मात्र अजून गेलेला नाही.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१९ साली परिचयातील एका मुलीने परजातीतील मुलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वस्तीतील वडीलधाऱ्यांची बैठक बसली आणि त्या घरच्या कार्याला कोणी जायचे नाही असे ठरले. मुलीने कोणताही गुन्हा केला नव्हता. परंतु सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१७ पासून गुन्हा आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणजे त्या खोलीत गुन्हा घडत होता तो आमच्या हातून. मी बँकेत नोकरी करतो, चार कायदे मला ठाऊक आहेत. तरी मी गप्प बसलो. वर्षभराने त्या घरी गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी फक्त एवढेच विचारले, “त्या दिवशी तुम्ही का बोलला नाहीत?”

विद्यार्थी मित्रहो, कोणास दोष देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : यात कायदा मोडला की केवळ रूढी? यात कोणाचे नुकसान झाले? आणि ही रूढी कोणाच्या हिताची आहे? चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांच्या वारसांनी तरी रूढी मोडणाऱ्याला गुन्हेगार म्हणू नये.