खूण हलते म्हणून डिस्ट्रिब्युटर फिरवू नका

प्रश्न : माझी जुनी, डिस्ट्रिब्युटर असलेली एमपीएफआय पेट्रोल गाडी सकाळी थंड असताना आयडलला थरथरते. टायमिंग लाइट लावला तर पुलीवरची खूण सतत पुढे-मागे होते. डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जुळवू का?

उत्तर : आत्ता हात लावू नका. आयडलला आरपीएम जरा पडले की ईसीयू ठिणगी थोडी आधी टाकतो, चढले की उशिरा. म्हणून खूण हलते. काही गाड्यांत तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा यासाठी थंड इंजिनात ठिणगी मुद्दाम उशिरा पडते.

मूळ टायमिंग तपासायचं तर इंजिन पूर्ण तापवा, एसी आणि दिवे बंद ठेवा आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या डायग्नोस्टिक कनेक्टरच्या पिना जोडा. मग ईसीयू टायमिंग ठरावीक अंशावर रोखून धरतो. हे न करता डिस्ट्रिब्युटर फिरवणं म्हणजे हलत्या तराजूत सोनं तोलणं.

थरथरीबद्दल माझा पहिला संशय कूलंट टेंपरेचर सेन्सरवर. कनेक्टर काढून मल्टिमीटरने मोजा : बहुतेक सेन्सर २० अंश सेल्सिअसला २ ते ३ हजार ओहम, ८० अंशांना साधारण ३०० ओहम दाखवतात. सकाळीच ३०० दिसले, तर ईसीयूला इंजिन गरम वाटतंय आणि तो पेट्रोल कमी देतोय. (डॅशबोर्डचा काटा बरोबर आहे म्हणून फसू नका, बऱ्याच गाड्यांत त्याचा सेन्सर वेगळा असतो.) सेन्सर ठीक निघाला, तर थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि चिरलेली व्हॅक्यूम नळी बघा.