भावना आणि बुद्धी

"भावना बाजूला ठेवून विचार कर," असा उपदेश वडीलधारी मंडळी आपणांस नित्य करीत असतात. परंतु भावना अशी बाजूला काढता येते काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

आपल्या बेलूरजवळून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. तो ओलांडताना मालमोटारीचा भोंगा कानी पडताच आपले पाऊल आपोआप मागे येते. त्या क्षणी विचार करीत बसणारा वाचणार नाही. मात्र रस्ता पुन्हा केव्हा ओलांडावा, हे उपजत भय सांगू शकत नाही. ते बुद्धीनेच ठरवावे लागते. यावरून दोहोंची कामे निराळी आहेत, हे उघड आहे.

परंतु निराळी कामे म्हणजे निराळे संसार नव्हेत. आंतोनिओ दामासिओ या मेंदुतज्ज्ञाने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका रुग्णाची हकीकत दिली आहे. मेंदूच्या पुढील भागास इजा झालेल्या या रुग्णास पुढील भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडावयास सांगितले. सुमारे अर्धा तास तो दोन्ही तारखांच्या बाजूची व विरुद्धची कारणे सांगत राहिला. निवड मात्र होईना. तर्क शाबूत होता. परंतु "आता पुरे" असा मनाचा कौल त्यास मिळत नव्हता.

आपल्याकडील थोर बुद्धिवादी गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) यांचे उदाहरण घ्या. १८८८ साली काढलेल्या 'सुधारक' पत्रातून त्यांनी रूढींना कारणे विचारली. परंतु बालविधवांच्या दुःखाने त्यांचे अंतःकरण कळवळले नसते, तर त्यांच्या तर्कास एवढी धार कोठून आली असती? उलटपक्षी, पुण्यातील संतप्त विरोधकांनी ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली. कळवळा ही भावना, तसा संतापही भावनाच. परंतु आगरकरांचा कळवळा कारणे देत होता व प्रतिवाद ऐकत होता. त्या संतापास प्रतिवाद ऐकावयाचाच नव्हता.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, भावना उपटून टाकण्याचा खटाटोप व्यर्थ होय. राग आला, तर त्यास एवढेच विचारावे: खरोखर काय घडले, आणि ते आपणांस कोणी सांगितले? उत्तर मिळताच राग ओसरला, तर उत्तमच. तरीही तो टिकला, तर त्यास एखाद्या चांगल्या कामास जुंपावे.