हलत्या सारसासाठी कोणती लेन्स?

प्रश्न : माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून निकॉनचा एफएम१० हा रोलचा कॅमेरा आहे. सोबत तीन लेन्स आहेत : ३५-७० मिमीची झूम, ५० मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२.८. तिन्हींचा फोकस हातानेच करावा लागतो. आता मुलगा ऑटोफोकसचा डिजिटल कॅमेरा घेऊन देतो म्हणतो. मला सारस, झाडीपट्टीची नाटकं आणि कचारगडची यात्रा टिपायची आहे. जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालतील का? नवी घ्यायचीच तर आधी कोणती?
— एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : ‘चालेल का’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले आहेत. लेन्स बॉडीवर बसेल का? बसल्यावर कॅमेरा उजेड मोजेल का? आणि फोकस आपोआप होईल का? तिसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही. हाताने फोकस करायची लेन्स ऑटोफोकसच्या बॉडीवर लावली तरी तिचा फोकस हातानेच करावा लागतो.

पहिल्या प्रश्नात मात्र तुमचं नशीब चांगलं. १९८५ साली मिनोल्टाचा ७००० हा कॅमेरा आला आणि ऑटोफोकसची लाट सुरू झाली. त्यासाठी मिनोल्टाने आपला माउंट बदलला. १९८७ साली कॅननने तेच केलं आणि त्यांच्या जुन्या एफडी लेन्स एका रात्रीत परक्या झाल्या. निकॉनने १९५९ सालचा एफ माउंट सोडला नाही. १९८६ साली आलेल्या एफ-५०१ या त्यांच्या ऑटोफोकस कॅमेऱ्यालाही तोच माउंट होता. म्हणून तुमच्या तिन्ही लेन्स निकॉनच्या डिजिटल एसएलआरवर बसतील. १९७७ च्या आधीच्या, एआय (अ‍ॅपर्चर रिंगची जागा बॉडीला कळवणारी निकॉनची पद्धत) नसलेल्या लेन्स मात्र नव्या बॉडीवर जोर लावून बसवू नयेत. बॉडीची कडी मोडते. एफएम१०वर नेहमी वापरात असलेल्या लेन्सना ती अडचण नाही.

खरी मेख दुसऱ्या प्रश्नात आहे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या स्वस्त बॉड्यांवर (डी३४००, डी५६०० वगैरे) जुनी लेन्स लावली की कॅमेऱ्याचा मीटर बंद पडतो. ‘एम’ मोडवर ठेवायचं, अंदाजाने फोटो काढायचा, पडद्यावर बघायचा आणि सुधारायचा. डी७५०० मध्येही हीच गत. डी७०००, डी७१००, डी७२००, डी६१०, डी७५० या बॉड्यांना मात्र लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग वाचणारी कडी असते. मेनूत लेन्सचे मिमी आणि तिचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर भरलं की मीटर व्यवस्थित चालतो. जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर सेकंड हँड डी७२०० ही नव्या डी५६०० पेक्षा तुमच्या अधिक कामाची.

आता नवी लेन्स. इथे एकच गोष्ट बघायची : समोरचं हलतं की नाही? नवेगाव बांधचं पाणी, घरातली माणसं बसवून काढलेला फोटो, देवळाचा कळस, फुलं, यांना ऑटोफोकसची गरज नाही. ५० मिमी एफ/१.८ आजही सुरेख काम देईल. फक्त एफएम१०च्या काचेत मधोमध जी दुभंगलेली प्रतिमा जुळवून तुम्ही फोकस करत होता, ती डिजिटल बॉडीत मिळणार नाही. त्याऐवजी व्ह्यूफाइंडरच्या खालच्या कडेला एक गोल ठिपका असतो. फोकस बसला की तो स्थिर उजळतो. डोळ्यापेक्षा त्या ठिपक्यावर विश्वास ठेवा. नव्या बॉडीची काच एफ/१.८ चा उथळ फोकस जसाच्या तसा दाखवत नाही, त्यामुळे नजरेला सगळं स्पष्ट वाटतं आणि फोटोत डोळ्यांऐवजी कान स्पष्ट येतो.

कचारगडला तुमची अडचण वेगळी होईल. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या त्या गुहांकडे गोंड बांधवांची अलोट गर्दी लोटते. तिथे माणसं हाताच्या अंतरावर असतात आणि रुंद लेन्स लागते. डी७२०० सारख्या बॉडीचा सेन्सर रोलच्या चौकटीहून लहान, त्यामुळे दृश्य दीडपट आवळतं. तुमची ३५-७० तिथे ५२-१०५ सारखी वागेल. म्हणजे रुंद बाजू गेलीच. म्हणून पहिली खरेदी १८-५५ मिमीची साधी ऑटोफोकस झूम. ती बॉडीसोबतच मिळाली तर उत्तम.

झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत सुरू होतात आणि रात्रभर चालतात. तिथे उजेड कमी, हालचाल मधूनच. लांबलचक संवाद म्हणताना नट एका जागी उभा असतो. त्या वेळी तुमची १३५ एफ/२.८ हाताने फोकस करूनही चालते, वर दीडपटीमुळे ती दोनशेसारखी जवळ आणते. दंडार किंवा लावणी सुरू झाली की ऑटोफोकस हवा. त्यासाठी ५० मिमी एफ/१.८ ची ऑटोफोकस लेन्स घ्या. इथे दुकानात हमखास होणारी एक गफलत टाळा. निकॉनची ‘एएफ ५० मिमी एफ/१.८ डी’ स्वस्त मिळते, पण तिच्यात मोटर नाही. बॉडीतली मोटर तिला फिरवते. डी७२००, डी७५० मध्ये ती मोटर आहे, डी३४०० किंवा डी५६०० मध्ये नाही, म्हणून तिथे ही ‘ऑटोफोकस’ लेन्स हाताने फिरवत बसावी लागते. ‘एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी’ मध्ये मोटर लेन्सच्या पोटातच असते. उलट ‘एएफ-पी’ लिहिलेल्या नव्या लेन्सचा फोकस डी७०००, डी३२०० यांसारख्या थोड्या जुन्या बॉडीवर चालत नाही. लेन्सवरची ही दोन-तीन अक्षरं किमतीच्या चिठ्ठीआधी वाचा.

प्रश्न : सारसाच्या फोटोसाठी किती मिमीची लेन्स पुरेल? ३०० पुरते, असं कुणी म्हणतं. कुणी ६०० शिवाय बोलतच नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, आमगाव

उत्तर : हिशेब करूनच पाहू. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी. उभा राहिला की पुरुषभर उंच, म्हणून आपण पावणेदोन मीटरच्या आतबाहेर धरू, हिशेबाला १.७ मीटर. तो १०० मीटरवर असेल तर सेन्सरवर त्याची प्रतिमा किती उंच पडेल? लेन्सचे मिमी गुणिले पक्ष्याची उंची, भागिले अंतर. ५० मिमीने ती ०.८५ मिमी पडते, १३५ ने सुमारे २.३ मिमी, ३०० ने ५.१ मिमी आणि ५०० ने ८.५ मिमी. लहान सेन्सरची उंची साधारण १६ मिमी. म्हणजे आडव्या चौकटीत ३०० मिमीने सारस एक तृतीयांश उंची व्यापतो, ५०० ने अर्ध्याहून थोडी अधिक. पहिल्या फोटोत सारस, धान, बोडी आणि क्षितिज असं सगळं येतं. दुसऱ्यात फक्त सारस.

आपल्या भागात पहिल्या प्रकारचा फोटो अधिक अर्थपूर्ण वाटतो. महाराष्ट्रात सारस राहतो तो मुख्यतः गोंदियाच्या तलाव-बोड्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या जोरावर. परसवाडा किंवा झिलमिलीच्या तलावाकाठी पक्ष्यासोबत ती भूमीही टिपावी. ७०-३०० मिमीची ऑटोफोकस झूम सुरुवातीला पुरे. जमलं तर पुढे २००-५०० किंवा १५०-६०० मिमी घ्या. निकॉनची २००-५०० एफ/५.६ पट्टीसह सुमारे २.३ किलो भरते. तिच्यासाठी ट्रायपॉड किंवा निदान मोनोपॉड लागेलच.

एफ/२.८ ची मोठी लेन्स हवीच, हा रोलच्या काळातला समज. तेव्हा ४०० आयएसओच्या फिल्मवर पहाटेच्या उजेडात एफ/२.८ शिवाय शटर वेगाने मारता येत नसे. आज आयएसओ ४०० वरून १६०० वर नेला की एफ/५.६ लाही तोच शटर वेग मिळतो आणि आजच्या बॉडीत १६०० ला दाणे फारसे खटकत नाहीत. मोठ्या अ‍ॅपर्चरचे पैसे वाचवून ते वेगवान मोटर आणि स्थिरीकरण असलेल्या लेन्सवर घालावेत. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा : आरसा असलेल्या बहुतेक डिजिटल एसएलआरचा ऑटोफोकस एफ/५.६ पर्यंतच भरवशाचा असतो. लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर त्याहून लहान असेल तर तो कमी उजेडात पुढेमागे चाचपडत राहतो. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांना ही बंधनं कमी. म्हणून कॅननची आरएफ १००-४०० एफ/५.६-८ सारखी सुमारे ६३५ ग्रॅमची हलकी लेन्स तिथे चालून जाते.

सारसाच्या बाबतीत ऑटोफोकसचा खरा शत्रू अंधार नसून धान आहे. कॅमेरा जवळच्या लोंब्यांवर फोकस धरतो आणि मागचा पक्षी धूसर होतो. त्यावर तीन उपाय. फोकसचा एकच बिंदू निवडून तो सारसाच्या छातीवर किंवा मानेवर ठेवा. लेन्सवर जवळचा फोकस बंद करणारं बटण असेल तर ते वापरा. २००-५०० वर सहा मीटरच्या आतलं सगळं वगळण्याची सोय आहे आणि तलावाच्या पाळीवरून सहा मीटरच्या आत तुमचं काहीच नसतं. तिसरा उपाय लेन्स निवडतानाच करायचा : ऑटोफोकस चालू असतानाही रिंग फिरवून फोकस दुरुस्त करता येतो अशी लेन्स घ्या. एएफ-एस लेन्समध्ये बहुधा ही सोय असते; जुन्या डी लेन्सना आधी बॉडीवरचं बटण ‘एम’ वर न्यावं लागतं, तोवर सारस उडालेला असतो.

आणि जवळ जाऊन मिमी वाचवू नका. सारस पावसाळ्यात, रोवणीच्याच दिवसांत धानाच्या बांधीत घरटं करतो. माणूस धुऱ्यावरून पुढे सरकला की जोडी घरटं सोडून उठते आणि अंडी कावळ्या-कुत्र्यांना उघडी पडतात. घरट्याचा फोटो नाहीच काढला तर बरं.

प्रश्न : वडिलांचा झेनिट आणि काकांचा कॅनन एफडीचा कॅमेरा आहे. त्यांच्या लेन्स कुठल्या नव्या कॅमेऱ्यावर लावाव्यात?
— एक वाचिका, तिरोडा

उत्तर : माउंटच्या तोंडापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर हे इथलं गणित. झेनिटच्या स्क्रू माउंटला ते ४५.४६ मिमी, कॅनन एफडीला ४२, कॅननच्या ईएफ माउंटला ४४ आणि निकॉन एफला ४६.५. नव्या बॉडीचं अंतर जुन्यापेक्षा कमी असेल तर मधल्या जागेत जोडणारी कडी (अ‍ॅडॉप्टर) बसते आणि दूरचा फोकस शाबूत राहतो. म्हणून झेनिटची लेन्स कॅननच्या डिजिटल एसएलआरवर साध्या कडीने चालते, निकॉनवर मात्र दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. एफडी लेन्स तर कॅननच्या स्वतःच्या ईएफ बॉडीवरही काच घातलेल्या कडीशिवाय चालत नाहीत, आणि त्या काचेने चित्र बिघडतं. मिररलेसमध्ये ही भानगड संपते : निकॉन झेड १६ मिमी, सोनी ई १८, कॅनन आरएफ २०. कुठलीही जुनी लेन्स साध्या कडीने बसते, पडद्यावर चित्र मोठं करून किंवा कडांना रंग देऊन अचूक फोकस करता येतो. झेड५ सारख्या बॉडीत स्थिरीकरण सेन्सरलाच असल्याने त्याचा फायदा जुन्या लेन्सलाही मिळतो. जुन्या लेन्सवर जीव असेल तर मिररलेसच घ्या.

अर्जुनीच्या वाचकांसाठीही एक ओळ : निकॉन झेड बॉडीवर एफटीझेड कडी लावली की तुमच्या तिन्ही लेन्स हाताने फोकस करून चालतील आणि एएफ-एस लेन्सचा ऑटोफोकसही चालेल. त्या कडीत मोटर नसल्याने ‘डी’ लेन्सचा मात्र चालणार नाही.

प्रश्न : सेकंड हँड लेन्स घेताना काय तपासावं? आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्यालाच बुरशी येते.
— एक वाचक, गोंदिया

उत्तर : दोन्ही बाजूंची झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा धरून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर लेन्स परत द्या. चार-दोन धूलिकणांनी फोटो बिघडत नाही. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. ऑटोफोकस लेन्स असेल तर जवळच्या आणि दूरच्या वस्तूवर आळीपाळीने फोकस करून मोटर अडखळते का, ते ऐका. घरी आणल्यावर चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल एवढ्याने पावसाळा निभतो. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडं करा. वापरात असलेल्या लेन्सला बुरशी कमी धरते, म्हणून पावसाळ्यातही ती अधूनमधून बाहेर काढा.

खरेदीला जाताना घरची जुनी लेन्स आणि एक मेमरी कार्ड सोबत न्या. दुकानातच ती बॉडीवर लावा, मीटर चालतो का पाहा, नवी लेन्स लावून रस्त्यावरच्या चालत्या सायकलीचे फोटो काढा आणि पडद्यावर मोठे करून बघा. सायकलवाल्याचा चेहरा स्पष्ट आला तरच पैसे द्या.