बुटक्या मोटारीची चाल
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आपल्या मराठवाड्यात मोटारीचा विषय निघाला की बोलणे किंमत आणि अ‍ॅव्हरेज यांवर येऊन थांबते. तथापि एम. एच. २६ आणि एम. एच. २४ क्रमांकाच्या काही गाड्या आता जमिनीला टेकल्यासारख्या धावताना दिसतात. मुद्दाम ‘खाली केलेल्या’ या गाड्या. अशी गाडी जुन्या बाजारातून हौसेने घेणारा तरुण रंग पाहतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो. गाडी खाली केली ती कशी, हे मात्र विचारीत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. परंतु यात लागणारे गणित दहावीपलीकडचे नाही, आणि गाडीत बसणारे बहुतेक आपल्याच वयाचे असतात.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. काही गाड्या कारखान्यातूनच बुटक्या येतात. आपल्या शेजारच्या गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, फायबरच्या अंगाची स्पोर्ट्स कार तयार होऊ लागली होती. तिला रेनॉ कंपनीचे ११४९ सी. सी.चे इंजिन होते. अशा गाडीची स्प्रिंग, शॉकअप आणि चाकांचे कोन एकमेकांचा विचार करून ठरविलेले असतात. दुसरा प्रकार साध्या गाडीला नंतर खाली बसविण्याचा. आपला प्रश्न या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

खाली करण्यात काही तथ्य नाही असे मुळीच नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर ती उलटण्याची भीती कमी होते. उसाची गंजी लादलेली ट्रॉली आणि रिकामी ट्रॉली वळताना पाहिली असेल त्याला हे वेगळे शिकवायला नको. पण हा लाभ चाके सरळ राहिली तरच पदरात पडतो.

चाके ‘सरळ’ म्हणजे काय? बैलगाडीला हा प्रश्न पडत नाही. तिला दोनच चाके, आणि वळवायचे काम बैल करतात. चार चाकांच्या वाहनात मात्र वळताना आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे मोठ्या वर्तुळावर फिरते. म्हणून दोघांना वेगवेगळ्या कोनात वळवावे लागते. म्युनिक येथील लांकेनस्पर्गर या गाडीकाराने यावर तोड काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये आकरमन याने तिचे पेटंट घेतले. घोडागाडीसाठी निघालेली ही युक्ती आजही मोटारीच्या स्टेअरिंगच्या मुळाशी आहे.

आता दोन शब्द गॅरेजमधले. चाकांच्या पुढच्या कडा आत किंवा बाहेर वळलेल्या असणे म्हणजे ‘टो’. चाक वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेले असणे म्हणजे ‘कॅम्बर’. बहुतेक लहान गाड्यांत पुढचे चाक खालच्या आर्मवर आणि उभ्या शॉकअपवर तोललेले असते. गाडी खाली बसली की आर्म आणि टायरॉड यांचे कोन बदलतात, चाक वरून आत कलते आणि टोही हलतो. याहून वाईट गोष्ट अशी की आर्म आणि टायरॉड यांच्या फिरण्याच्या कमानी आता जुळत नाहीत. त्यामुळे खड्ड्यात चाक वरखाली होताच, स्टेअरिंग स्थिर धरले असतानाही, ते किंचित वळते. ‘गाडी हातात राहत नाही’ ही तक्रार बहुधा येथून जन्मते.

टोचे नुकसान किती, ते पाहू. एखादे चाक केवळ १ अंश तिरपे असेल तर दर किलोमीटरला ते सुमारे साडेसतरा मीटर आडवे फरफटते. १०० किलोमीटरला हे अंतर पावणेदोन किलोमीटर होते, आणि नांदेड ते लातूर हे अंतर त्याहूनही अधिक आहे! टायर आतल्या कडेने झिजत जाते. ही कड उभ्या गाडीत दिसत नाही, चाक वळवून किंवा जॅक लावून पाहावी लागते. बाहेरून टायर नवे वाटावे आणि आत तारा उघड्या पडलेल्या असाव्यात, असे घडू शकते. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर अशा टायरचे काय होईल हे सांगायला नको.

सर्वांत घातक प्रकार म्हणजे ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापणे. खर्च कमी, म्हणून तोच अधिक. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या मानाने बनविलेला असतो, त्याला ती आवरत नाही. शिवाय चाक पूर्ण खाली लोंबले असता कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. गाडी घेण्यापूर्वी जॅक लावून स्प्रिंगचे टोक पाहावे. कापल्याची खूण दिसली तर रंग कितीही चकचकीत असो, सौदा सोडावा किंवा नव्या स्प्रिंगांची किंमत त्यातून वजा करावी.

आता आपल्या रस्त्यांविषयी. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. असा गतिरोधक अडचणीचा नसतो, कारण गाडीचे पोट माथ्यावर आले तेव्हा लहान गाडीची चारही चाके त्याच्याच उतारावर असतात. पोटाखाली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जागा लागते. पण गावच्या वेशीवर टाकलेला अरुंद, वीतभर उंचीचा ढिगारा वेगळा. तेथे चाके सपाटीवर असतात आणि पूर्ण उंची पोटाला भिडते. मूळची १७ सेंटिमीटर जागा ६ ने कमी केलेली गाडी तेथे घासणारच. ऑइल चेंबरला तडा गेल्याचे कळते ते पुढच्या गावी, तेलाचा दिवा लागल्यावर.

नव्या मालकाने अलाइनमेंटला जाताना क्रम चुकवू नये. आधी बुश, बॉल जॉइंट आणि टायरॉडचे टोक यांतील खेळ पाहावा, हवा सारखी करावी. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. उंची बदलली असेल तर काही दिवस चालवून स्प्रिंगा बसू द्याव्यात आणि मगच कोन मोजावे. चारही चाके मोजून घ्यावीत, आणि आधीच्या व नंतरच्या आकड्यांचा छापील कागद मागून घ्यावा. अनेक गाड्यांत फक्त पुढचा टो जुळविता येतो. कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट लागतात, म्हणून ‘सगळे ओके’ या शब्दावर विसंबू नये. गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच मिस्त्रीला दोष देणेही बरोबर नाही. पाणी वाहून जावे म्हणून रस्त्यालाच कडेकडे ढाळ दिलेला असतो. सपाट मैदानात पाहावे.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरले. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक स्प्रिंगकडे पाहतो तेव्हा ‘ती आधीच्या मालकाने कापली’ हे उत्तर फारसे उपयोगी पडत नाही.

एक तपासणी बिनपैशाची आहे. टायरच्या नक्षीवरून तळहात आधी बाहेरून आत आणि मग आतून बाहेर फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे. हे महिन्यातून एकदा, आणि मोठा खड्डा बसला तर त्याच आठवड्यात करावे.